रोग्याची साक्ष



रोगपरीक्षेचीं साधनें गेल्या शतकांत फार वाढलीं. अंगांतील ताप पारा सांगतो, रक्ताचा दाब यंत्र दाखवितें, साखरेचें प्रमाण एका थेंबावरून कळतें. परंतु दुखणें कितपत सोसवतें, मन कशांत रमतें कीं नाहीं, हें मोजणारें यंत्र अद्याप निघालें नाहीं. या गोष्टींचा साक्षीदार एकच, व तो म्हणजे स्वतः रोगी. त्याची ही साक्ष पद्धतशीरपणें नोंदवून घेण्याचें काम प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुष्कळदां परिचारिकेकडे येतें. त्या कामाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

‘काय बाई, बरें आहे ना?’ असें विचारलें म्हणजे ‘बरें आहे’ हेंच उत्तर मिळतें. कारण तें प्रश्नांतच दडलेलें असतें. त्यांतून सासूबाई शेजारीं उभ्या असल्या तर बोलावयासच नको. मग अंग मोडून येतें, डोकें दुखतें, जेवण जात नाहीं, एवढेंच सांगून ती बाई चार गोळ्या घेऊन घरीं जाते. ठरीव प्रश्नावलीचा पहिला गुण हा कीं, ती सर्वांस सारखेच प्रश्न विचारते. त्यामुळें आपल्यावरच कोणीं संशय घेतला असें कोणास वाटत नाहीं.

उदाहरणार्थ, मनाच्या खिन्नतेसंबंधींची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घेऊं. क्रोएंके, स्पिट्झर व विल्यम्स यांनीं तिचा शास्त्रीय पडताळा 2001 सालीं प्रसिद्ध केला. गेल्या दोन आठवड्यांत उत्साह, झोंप, भूक, थकवा इत्यादि बाबतींत किती दिवस त्रास झाला, असें ती विचारते. मुळींच नाहीं, कांहीं दिवस, निम्म्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज, अशीं चार उत्तरें. त्यांस 0 पासून 3 पर्यंत गुण. एकूण गुण 27. दहा किंवा अधिक गुण आले तर अधिक चौकशी अवश्य करावी. मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. थकवा पंडुरोगानेंही येतो, झोंप सांधेदुखीनेंही मोडते. तो निवाडा डॉक्टरांचा.

तथापि नुसता आंकडा हातीं आल्यानें रोगी बरा होतो काय? याचें उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यांत मिळालें. तेथील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2017 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत याच प्रश्नावलीनें तीव्र खिन्नतेचे रोगी निवडले. एका गटांत डॉक्टरांस गुण कळविले व उपचाराचीं मार्गदर्शक सूत्रें दिलीं. दुसऱ्या गटांत याखेरीज, शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनीं रोग्याशीं सहा ते आठ बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनीं पहिल्या गटांत शेंकडा 39, तर दुसऱ्यांत शेंकडा 64 रोग्यांचे गुण दहाच्या खालीं आले. आंकड्यामागें माणूस उभा राहिला, तेव्हां आंकड्याचें चीज झालें.

भारत सरकारनें 2018 सालीं आरोग्यवर्धिनी केंद्रांची योजना हातीं घेतली. तींत आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांकडून एक पत्रक भरून घेते. तंबाखू, दारू, व्यायाम, घराण्यांतील रोग यांबरोबरच वरील नऊंपैकीं पहिले दोन प्रश्नही आतां त्यांत आले आहेत. पुढील विचारपूस केंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानें करावयाची. हे अधिकारी कोठें आयुर्वेदाचे, तर कोठें परिचर्येचे पदवीधर असतात.

तेव्हां परिचारिका भगिनींस माझें सांगणें असें कीं, ज्यास वाचतां येत नाहीं त्यास प्रश्न वाचून दाखवा. पण बाजूस नेऊन, सावकाश, व मूळ शब्द न बदलतां. ‘तुम्हांला तसें कांहीं होत नसेल ना?’ असें स्वतःच उत्तर सुचवूं नका. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयींचा आहे. तो संकोचानें गाळूं नका. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही समजूत खरी नाहीं. उत्तर होकारार्थी आलें तर त्या माणसास एकटें सोडूं नका, त्याच दिवशीं डॉक्टरांस भेटवा. 14416 हा सरकारी दूरध्वनि क्रमांकही 2022 सालापासून अशा वेळीं साहाय्यास आहे.

कामाचा भार फार, वहींचे रकाने पुष्कळ, हें मी जाणतों. घाईनें सर्वत्र शून्य मांडून पान पुरें करण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. परंतु तें शून्य म्हणजे रोग्याची साक्ष त्यास न विचारतां लिहून टाकणें होय. आणि खरी उत्तरें घेऊन कोणींच तीं वाचलीं नाहींत, तर ज्यानें आपलें अंतःकरण उघडें केलें तो पुन्हां ‘बरें आहे’ याच दोन शब्दांच्या आड जाऊन बसेल. म्हणून प्रश्न थोडे विचारा. पण जे विचाराल त्यांच्या उत्तरास कोणीतरी उत्तरदायी राहील, एवढें पाहा.