संन्यास आणि नागरिकत्व

भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनचा किनारा आहे. येथील बरेचसे कोळी ख्रिस्ती आहेत; बोली मराठी, आणि उदरनिर्वाह मासेमारीवर. येथून दक्षिणेस, बोरिवलीनजीक मंडपेश्वराच्या लेण्यांत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी प्रार्थनामंदिर करून वर मठ उभारला. त्यास पोर्तुगीज राजसत्तेचा आश्रय होता. १७३९ त उत्तनजवळचा धारावी किल्ला व पाठोपाठ वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली. आश्रय संपला, मठ ओस पडला. उत्तनची श्रद्धा मात्र टिकली.

आज मठांस राजा नाही, संविधान आहे. ते घडविणाऱ्या सभेत फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट, म्हणजे स्वतः व्रतस्थ, सभासद होते. धर्माचरणाचा हक्क कलम २५ ने दिला, अल्पसंख्याकांस स्वतःच्या शाळा काढण्याचा कलम ३० ने. परंतु हक्कामागोमाग कर येतो. अनुदानित शाळेत शिकविणारी धर्मभगिनी सरकारी अनुदानातून वेतन घेते आणि दारिद्र्यव्रतास अनुसरून ते संघास देते. मग त्यातून आयकर कापावा काय? व्रत घेणाऱ्याचा धर्मसंस्थेच्या कायद्याने ‘नागरी मृत्यू’ होतो, त्यास स्वतःचे उत्पन्नच नसते, असे संघांचे म्हणणे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले.

ही कल्पना आपणांस परकी नाही. आपल्याकडील संन्यासीही स्वतःचे श्राद्ध करून घर सोडतो. विठ्ठलपंत गृहस्थाश्रमात परतले, तेव्हा या मृत्यूचे मोल ज्ञानदेवादी भावंडांस द्यावे लागले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणूनच मला हा निर्णय रास्त वाटतो. व्रत हा तिचा व देवाचा करार. हजेरीपटावर नाव तिचेच. उद्या ती मठाबाहेर आली, तर मृत ठरविलेल्या बाईने हक्क कोणापाशी मागावा?

संघांची अडचण खोटी नाही; संघाचा संसार याच पैशावर चालतो. तथापि उत्तनची कोळीण दिवसाची विक्री देवळास अर्पण करो वा घरी नेवो, ती विक्री तिचीच असते. सूट हवी असेल तर संसदेकडे मागावी. आणि मागताना देवळातील पुजारी व मशिदीतील मौलवी यांच्यासाठीही मागावी लागेल.