कंटेनर : बोटीवरचा आणि संगणकातला

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच प्रश्न फिरतोय. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी इंजिनिअर होतेय. क्लासवाले सांगतात, ‘डॉकर-कुबरनेटिस शिका, नोकरी पक्की.’ आणि फी ऐकून आईबापांची झोप उडते. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. फी भरायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण कशाची भरतोय ते कळायला हवं.

सुरुवात बोटीपासून करू. पूर्वी जहाजावर पोती, पिंपं, खोकी एकेक करून चढवत. त्यातच दिवसच्या दिवस जात. एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ कंटेनर न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले. पुढे या पेट्यांची मापं जगभर ठरली. आत कपडे आहेत की यंत्रं, याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही. माप ठरलेलं, म्हणून पेटी जहाज, रेल्वे, ट्रक सगळीकडे बसते. आपल्या न्हावा-शेवा बंदरात रोज हेच चालतं.

आता संगणक. कुठलाही प्रोग्रॅम एकटा नसतो. त्याला ठरावीक आवृत्तीच्या लायब्रऱ्या लागतात, सेटिंग लागतात. एका मशीनवर धावणारा प्रोग्रॅम दुसरीकडे आडवा पडतो. ‘माझ्याकडे तर चालतंय!’ हे आमच्या धंद्यातलं रोजचं वाक्य. त्यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याचं सगळं बिऱ्हाड एका पेटीत भरायचं. या पेटीचा साचा म्हणजे ‘इमेज’, आणि साच्यावरून चालू केलेली पेटी म्हणजे ‘कंटेनर’.

व्हर्च्युअल मशीन हा स्वतंत्र बंगला. त्यात आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम असते. कंटेनर ही चाळीतली खोली. खोल्या वेगळ्या, पण पाया एकच, म्हणजे लिनक्सचा कर्नल. कुणाला काय दिसावं आणि कुणी किती मेमरी वापरावी, याची वाटणी तो कर्नलच करतो. म्हणून कंटेनर हलका असतो आणि सहसा काही सेकंदांत सुरू होतो. ही सोय आधीपासून होती. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरनं ती सर्वांच्या हाती दिली.

पेट्या शेकड्यांनी झाल्या की त्यांच्यावर मुकादम लागतो. तो म्हणजे कुबरनेटिस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. गूगलनं २०१४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्याला फक्त सांगायचं, ‘या प्रोग्रॅमच्या तीन प्रती चालू हव्यात.’ एक बंद पडली की तो नवी उभी करतो; आख्खं मशीन गेलं तर दुसऱ्यावर हलवतो. निकालाच्या दिवशी गर्दी वाढली, तर नेमून दिलेल्या नियमानुसार प्रती वाढवतो.

पण ही जादू नव्हे. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेलंही जातं. म्हणून डेटा बाहेर ठेवावा लागतो. प्रोग्रॅममध्येच चूक असेल, तर तीच चूक तीन ठिकाणी चालते. आणि छोट्या दुकानाच्या वेबसाइटला कुबरनेटिस लावणं म्हणजे एक पिशवी न्यायला ट्रक बोलावणं.

मुलाखती घेताना मला प्रमाणपत्रं घेऊन आलेली मुलं भेटतात. आज्ञा तोंडपाठ असतात, ‘असं का?’ विचारलं की गप्प. गणिताच्या बाई उत्तर बरोबर असूनही रीत नसेल तर गुण कापायच्या. त्यांचं बरोबर होतं, हे मला रोज पटतं.

म्हणून मुलांना आज घरी गेल्यावर तीन प्रश्न विचारा. कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये फरक काय? कंटेनर गेला तर डेटा कुठे राहील? तिसरी प्रत बंद पडली हे कुणाला कळतं आणि तो काय करतो? उत्तरं आली, तर महागड्या क्लासची घाई नको. नाही आली, तर आधी लिनक्स, मग नेटवर्क, मग डॉकर आणि शेवटी कुबरनेटिस. सरावापुरतं हे सगळं घरच्या बऱ्यापैकी लॅपटॉपवर फुकट चालवता येतं.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर शाळेच्या संगणक कक्षात चार रविवार मी स्वतः शिकवीन. फी नाही. फक्त रीत दाखवावी लागेल.