तांबी नेमकं करते काय?

पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांत ‘कॉपर-टी’पेक्षा ‘तांबी’ हा शब्द बायकांच्या ओळखीचा. दवाखान्यात त्या मला हमखास दोन गोष्टी विचारतात : ‘डॉक्टरबाई, तांबी वर सरकून काळजापर्यंत जाते का?’ आणि ‘दर महिन्याला गर्भ पाडते का?’ या भीतीपोटी काहीजणी ती काढून घेतात आणि नको असताना दिवस राहतात. म्हणून आज या दोन प्रश्नांबद्दलच बोलते.

गर्भाशयातून काळजाकडे वाटच नाही. क्वचित, साधारण हजारात एक-दोघींच्या बाबतीत, बहुधा बसवतानाच तांबी गर्भाशयाच्या भिंतीतून पोटात जाऊ शकते. म्हणून ती प्रशिक्षित हातांनीच बसवून घ्यावी.

आता दुसरा प्रश्न. आपल्या सरकारी कार्यक्रमात १९६५ साली नुसत्या प्लास्टिकचा ‘लूप’ आला होता. पुढे चिलीतले डॉ. जेमी झिपर यांनी तांब्याचा गुण दाखवून दिला. इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या छोट्या प्लास्टिकवर तांब्याची तार असते. तिच्यातून तांब्याचे अतिसूक्ष्म कण सतत झिरपतात. त्यांनी शुक्रजंतू लुळे पडतात, स्त्रीबीजापर्यंत पोचत नाहीत. गर्भाशयाच्या अस्तरात पांढऱ्या पेशीही जमतात. तिथलं वातावरण शुक्रजंतूंना मानवत नाही. म्हणजे मुख्यतः बीज फळतच नाही. मग पाडायचं काय? तांबीत संप्रेरकं नसतात, त्यामुळे स्त्रीबीज तयार होणं थांबत नाही, पाळी येते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

शंभरजणींनी वर्षभर वापरली, तर एकीलाही दिवस राहण्याची शक्यता कमीच. ‘३८० ए’ दहा वर्षं चालते, ‘३७५’ पाच वर्षं. मूल हवं झालं की कधीही काढता येते.

त्रास नाहीच असं मी म्हणणार नाही. पहिले तीन-चार महिने अंगावरून जास्त जातं, पोटात कळा येतात. दिवसभर कापूस वेचणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या बाईने आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. तांबी असताना पाळी चुकली तर लगेच दवाखाना गाठावा. गर्भ नळीत असू शकतो. एचआयव्हीपासून मात्र तांबी वाचवत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

तांबी बसवायची की नाही, हे ज्या बाईचं शरीर तिनं ठरवावं. काढायची कधी, हेही तिनंच. फक्त ते भीतीनं नव्हे, समजून-उमजून ठरवावं.