रुग्ण घरी आला, पुढे काय?

(आरोग्यसेविका व रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अतिदक्षता विभागातून माणूस वाचून घरी आला की आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो आणि संकट टळले असे मानतो. परंतु थोड्याच दिवसांत कुरबूर सुरू होते. ताप गेला, मग हा उठत का नाही? हातातून पेला का निसटतो? कालचे बोलणे आज का विसरतो? कोणी त्याला आळशी ठरवतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. मी डॉक्टर नव्हे. शास्त्राने सिद्ध केलेली गोष्ट लोकांपर्यंत पोचवणे हे माझे काम. ती गोष्ट अशी की, जबर आजाराने मज्जातंतू, स्नायू आणि मेंदू यांनाही इजा होऊ शकते.

१९८४ साली कॅनडातील डॉ. चार्ल्स बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या रुग्णांचे हातपाय लुळे पडले होते आणि त्यांना श्वसनयंत्रापासून सोडवणे अवघड झाले होते. तपासणीत त्यांच्या मज्जातंतूंची हानी झाल्याचे आढळले. जंतुदोषामुळे शरीरभर दाह पसरतो, मज्जातंतूंचे पोषण खुंटते आणि निश्चल पडून राहिल्याने स्नायू झडतात.

मेंदूचेही तसेच आहे. आजारात माणूस बरळू लागला की जुनी माणसे ‘वात झाला’ म्हणत. अमेरिकेतील ८२१ अत्यवस्थ रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना रुग्णालयात अशी भ्रमावस्था आली होती. तीन महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ४० टक्के जणांची स्मरणशक्ती व विचारशक्ती, डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतकी मंदावलेली होती. त्यांत तरुणही होते. भ्रम जितका अधिक काळ टिकला, तितका पुढील परिणाम अधिक दिसला.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात श्वसनयंत्रावरील १०४ रुग्ण होते. ज्यांची गुंगी रोज थांबवून लगेच व्यायाम सुरू केला, त्यांतील ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते; इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते.

आपणही पुष्कळ करू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाला रोज बसवावे, उभे करावे, चार पावले चालवावे. चष्मा व श्रवणयंत्र त्याच्या हाताशी असावे. दिवस, वार, वेळ सहज बोलण्यातून सांगावी. रात्रीची झोप मोडू नये. पैशाचा हिशेब, वाहन वा शेतातील यंत्र एकदम त्याच्या हाती देऊ नये. घास गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. एकाएकी एका बाजूचे बळ गेले किंवा वाचा अडखळली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

सुधारणेला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. काहींची उणीव कायम राहते. अशा माणसाची मजुरी वा नोकरी ‘कामचुकार’ या एका शब्दामुळे जाऊ नये, एवढी काळजी आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.