भोंगा कोणाचा? पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचा क्लब आणि नवापूरच्या कोंबड्या

(या एपिसोडचा मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, की भो, फुटबॉलवर काहीतरी बोल ना. बहुतेकांना युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यातलं काहीतरी हवं होतं. सॉरी. आज ज्या क्लबबद्दल बोलणार आहे, त्याची जर्सी जळगावच्या फुले मार्केटमध्ये मिळणार नाही. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. इंग्लंडच्या लँकशायर भागातला. मालक मात्र आपल्या पुण्याचे.

मी या क्लबकडे कसा गेलो, ते आधी सांगतो. त्याची सुरुवात फुटबॉलपासून नाही, कोंबड्यांपासून होते.

माझ्या मामाचं नवापूरजवळ पोल्ट्रीचं शेड होतं. नवापूर आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत आपल्या धुळ्यातच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. पिल्लांचे खोके, औषधाच्या बाटल्या, खाद्याची पोती, आणि रोज सकाळी अंड्याचा भाव काय निघाला याची चर्चा. त्या धंद्यात एक नाव सारखं कानावर पडायचं: वेंकीज. पुण्याची कंपनी. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज ग्रुपची. माझ्यासाठी ते नाव म्हणजे मामाच्या शेडचा वास.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापूरला. मी तिसरी-चौथीत असेन. पांढरे सूट घातलेली माणसं टीव्हीवर दिसायची. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. त्यात मामाच्याही गेल्या. मामा त्या वेळी आमच्याकडे धुळ्याला आला होता. दोन दिवस काही बोलला नाही. नंतर त्याने शेडमध्ये कांदा भरायला सुरुवात केली.

आता २०१० मध्ये या. नोव्हेंबर महिना. पेपरात बातमी आली की वेंकीजने इंग्लंडचा एक फुटबॉल क्लब विकत घेतला. किंमत २३ मिलियन पौंड, डोक्यावरचं कर्ज वेगळं. प्रीमियर लीगमधला क्लब घेणारी ही पहिली भारतीय कंपनी. मामाचा फोन आला. अहिराणीत म्हणाला, "भाचा, आते साहेबनी टीम आपला कोंबडीवालासनी लिधी!" चार वर्षांनी पहिल्यांदा तो कोंबड्यांबद्दल हसून बोलत होता. तेवढं मला पुरलं. त्या रात्री मी ब्लॅकबर्नचा फॅन झालो. टीममधला एक खेळाडू माहीत नव्हता.

मग वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की आपण फार जुन्या घरात पाहुणे आलोय.

रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी हा एक. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही हा होता. दोन्ही वेळी हजर असलेले क्लब फक्त तीन: अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हे. एफए कप सहा वेळा जिंकलाय, त्यातला १८८४, ८५ आणि ८६ सलग. आणि गाव केवढं? सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं. म्हणजे आपल्या धुळ्याच्या साधारण एक तृतीयांश.

हे गाव कापडाचं. अख्खं गाव मागावर चालायचं. १८८३ मध्ये याच गावाच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या दुसऱ्या क्लबने फायनलला ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे बड्या घरच्या पोरांच्या टीमला, हरवून एफए कप नेला. त्यांच्यात मिलमध्ये काम करणारे खेळाडू होते. तोपर्यंत हा कप साहेबलोकांचाच समजला जायचा.

आणि इथे खानदेश येतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या मिल उपाशी पडल्या. तेव्हा इंग्रजांनी भारताच्या कापसाकडे धाव घेतली. खानदेशाचा कापूस मुंबईला, तिथून जहाजाने लिव्हरपूलला. आपला कापूस आखूड धाग्याचा, मागावर सारखा तुटायचा, म्हणून तिथले विणकर वैतागायचे. म्हणजे ब्लॅकबर्नवाल्यांनी आपल्या मालाला नावं ठेवणं २०१० मध्ये सुरू झालेलं नाही, दीडशे वर्षं जुनं आहे!

१९३१ मध्ये गांधीजी लंडनला गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला जाऊन राहिले होते. स्वदेशीमुळे तिथल्या कामगारांची कामं गेली होती, तरी त्या कामगारांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. तेच गांधीजी पाच वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात होते.

आता क्लबचा सोनेरी काळ. जॅक वॉकर नावाचा ब्लॅकबर्नचाच माणूस. स्टीलच्या धंद्यात मोठा झाला आणि १९९१ मध्ये त्याने लहानपणापासूनचा आपला क्लब हातात घेतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर केलं. १९९२ मध्ये अ‍ॅलन शिअररला आणलं. १४ मे १९९५, सीझनचा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलकडून २-१ हरले. पण तिकडे मँचेस्टर युनायटेडची वेस्ट हॅमशी बरोबरी झाली, आणि ८९ विरुद्ध ८८, एका पॉइंटने रोव्हर्स चॅम्पियन. शिअररचे त्या सीझनला लीगमध्ये ३४ गोल. वॉकर २००० साली गेले.

आणि मग आमचे पुणेकर आले. खरं सांगायचं तर सुरुवातच बिघडली. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसना काढलं, स्टीव्ह कीनला बसवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये टीम पुण्याला बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेली. मी वडिलांच्या मागे लागलो होतो, पण परीक्षा होती, राहिलं. तिकडे चाहते दर मॅचला निषेध करत होते. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून १-० हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या मॅचमध्ये कोणीतरी मैदानावर जिवंत कोंबडी सोडली. अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेली.

अख्खं जग हसलं. मी ती क्लिप मोबाइलवर पाहिली आणि मला हसू आलं नाही. मला मामाचं शेड दिसलं. त्यांच्यासाठी कोंबडी म्हणजे शिवी होती. आमच्या घरी कोंबडी म्हणजे बहिणीचं लग्न, ट्यूशनची फी. मी चिडून ठरवलं की हे लोक आपल्याला कमी लेखतात, मालकच बरोबर.

हे मत मी बरीच वर्षं धरून होतो. जळगावला बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली. आमच्या क्लायंटकडे एक जण आहे, साठीच्या जवळचा. एकदा कॉलवर बाकीचे जॉइन व्हायच्या आधी कळलं की तो ब्लॅकबर्नचा. मी उत्साहात म्हणालो, मी रोव्हर्स फॅन, पुण्याहून. दोन सेकंद शांतता. मग त्याने विचारलं, "तू आमचा फॅन आहेस की त्यांचा?"

यार, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर आम्ही बऱ्याचदा बोललो. त्याचे आजोबा मागावर होते. वडील त्याला बोट धरून ईवूड पार्कला न्यायचे. २०१२-१३ चा सीझन आठवून तो अजून डोकं धरतो: १९९५ च्या टीममधला हेनिंग बर्ग मॅनेजर म्हणून आला आणि ५७ दिवसांत गेला, त्याच सीझनला मायकल अ‍ॅपलटन आला आणि ६७ दिवसांत गेला. त्यानंतर याने तिकीट काढणं बंद केलं. वडील म्हणायचे, मालक येतील-जातील, आपली खुर्ची का सोडायची? बापलेकात त्यावरून अबोला झाला. २०१७ मध्ये शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही टीम गोल डिफरन्सवर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली. वडील त्या आधीच गेले होते. "ते खुर्चीवर एकटे बसायचे, आणि मी घरी बसून बरोबर होतो," असं तो म्हणाला.

मी त्याला नवापूर सांगितलं. २००६, खड्डे, मामा. तो म्हणाला, कोंबडीचा असा अर्थ मी कधी केलाच नाही.

मला माझे आजोबा आठवले. ते धुळ्यात मिल कामगार होते. मिल बंद पडली. तरी ते म्हणायचे, "मिल शेठची होती रे, पण भोंगा गावाचा होता." भोंग्यावर गाव उठायचं, स्वयंपाक व्हायचा, पोरं शाळेत जायची. कागदावर त्याचा मालक कोणी का असेना. भोंगा बंद झाला तेव्हा आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. ब्लॅकबर्नवाल्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा राग आपल्या देशावर नव्हता, न विचारण्यावर होता. काही जण आपल्या रंगावर घसरले, ते चूकच. पण त्यांच्यामुळे बाकीच्यांचं दुःख खोटं ठरत नाही.

मालकांची बाजूही सांगतो. ते पळून गेले नाहीत. इतकी वर्षं तोटा भरतायत, क्लब चालू ठेवलाय. २०१८ मध्ये टोनी मोब्रेच्या हाताखाली ९६ पॉइंट्स काढून टीम पुन्हा दुसऱ्या डिव्हिजनला आली. पण पैसे देणं वेगळं आणि समोर बसून बोलणं वेगळं. नुसत्या पैशाने खुर्चीतली माणसं परत येत नाहीत.

गावही बदललंय. भरूच-सुरतकडून, पाकिस्तानातून मिलच्या कामासाठी गेलेल्या लोकांची नातवंडं तिथे राहतात. मे २०२२ मध्ये ईवूड पार्कच्या गवतावर ईदची नमाज झाली. इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबच्या मैदानावर हे पहिल्यांदा घडलं. म्हणजे भोंगा आता त्यांचाही आहे.

मग माझं उत्तर काय? मालकांमुळे आलो, पण राहिलो त्या खुर्च्यांमुळे. मागच्या वर्षी तो क्लायंटवाला परत ईवूडला गेला. वडिलांच्या जागेवरून फोटो पाठवला. स्कोअर विचारू नका, हरले. मी तो फोटो मामाला दाखवला. मामा आता साठीत आहे. फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "गवत चांगलं ठेवलंय."

तुमचा क्लब कोणता, आणि तो तुमचा कसा झाला, हे व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. आणि तुमच्या गावात भोंगा होता का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.