मूत्रपिंडाच्या आत : प्रत्येकाची ठेवण निराळी

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले भाषण)



समितीने आम्हाला 'किडनीचे आजार' हा विषय दिला आहे. आजारांची यादी वाचून दाखवली तर अर्धी मंडळी झोपतील, म्हणून आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. घाटकोपर घ्या, मुलुंड घ्या, आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "त्याचा आठ एम.एम.चा खडा औषधानं पडला, मग माझा सहाचा का पडत नाही?" आणि मग शेजाऱ्याचीच चिठ्ठी घेऊन माणूस मेडिकलवर जातो. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मूत्रपिंडाच्या आत आहे.

शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन आपण ऐकले आहे. त्यातले 'वक्क' म्हणजेच मूत्रपिंड. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात विसुद्धिमग्गात त्याला एका देठाला लागलेल्या आंब्यांच्या जोडीची उपमा दिली. बाहेरून पाहिले तर उपमा छानच आहे. पण आंबा कापला की दोन्हींत एकेकच कोय निघते. मूत्रपिंडाचे तसे नाही, तिथे प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

मूठभर आकाराचा हा अवयव, लांबी साधारण १० ते १२ सें.मी. आत शंकूसारखे भाग असतात, कोणाला सात-आठ, तर कोणाला अठरापर्यंत. शंकूच्या टोकातून लघवी थेंबथेंब एका छोट्या पेल्यात उतरते. हे पेलेही कोणाला सात, कोणाला तेरा. पेल्यांच्या वाटा एकत्र येऊन दोन किंवा तीन मोठ्या वाटा होतात, त्या एका नरसाळ्यात येतात आणि तिथून नळी खाली मूत्राशयाकडे जाते. कोणाचे नरसाळे मूत्रपिंडाच्या आत दडलेले, कोणाचे बाहेर आलेले. दुसऱ्याचे सोडा, आपल्या स्वतःच्याच डाव्या आणि उजव्या मूत्रपिंडाची ठेवण सारखी नसते.

आता खड्याकडे येऊ. ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथील फ्रान्सिस्को साम्पायो या संशोधकाने मृत व्यक्तींच्या मूत्रपिंडांत राळ भरून आतल्या पोकळीचे साचे तयार केले. १९९२ साली त्याने आपल्या सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले की, सगळ्यात खालच्या पेल्यातली वाट अरुंद असेल आणि नळीशी तिचा कोन फार तिरका असेल, तर खड्याची भुकटी झाली तरी ती बाहेर पडायला अडचण होते. चाळीतल्या मोरीचे बघा ना. उतार नीट असेल तर बादलीभर पाण्यात सगळे वाहून जाते, आणि उतार उलटा असला तर कितीही पाणी ओता, गाळ कोपऱ्यातच. म्हणून एकाला लहरींच्या मशीनने खडा फोडून घ्या म्हणतात, दुसऱ्याला दुर्बिणीने काढू म्हणतात, तिसऱ्याला पाठीतून छिद्र पाडून. डॉक्टर फसवतोय असा लगेच संशय घेऊ नका. 'माझा खडा नेमका कुठल्या कप्प्यात आहे?' एवढे मात्र जरूर विचारा.

पाणी भरपूर प्या, हे सगळ्यांना लागू. आमच्या रिक्षावाल्या भावांना आणि लोकलने जाणाऱ्या भगिनींना ते सांगणे सोपे, करणे अवघड. वाटेत स्वच्छ संडास नाही म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. तो दोष त्यांचा नव्हे.

दुसरी गोष्ट रिपोर्टातल्या शब्दांची. सोनोग्राफीत 'डुप्लेक्स' असे लिहून आले की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ इतकाच की एका मूत्रपिंडात दोन नरसाळी आहेत. शंभरात एखाद्याला असे असते आणि पुष्कळांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. सुमारे पाचशेत एकाची दोन्ही मूत्रपिंडे खालून जोडलेली असतात, घोड्याच्या नालासारखी. त्यांच्या बाबतीत ती आंब्याच्या जोडीची उपमा जास्तच खरी म्हणायची! सुमारे हजारात एकाला जन्मतः एकच मूत्रपिंड असते. अशा एका मुलीचे ठरलेले लग्न मोडण्याची भाषा झाल्याचे आमच्या कानावर आले, तेव्हा फार वाईट वाटले. भावाला मूत्रपिंड देणारी बहीण एकावरच जगते की नाही? तिला आपण थोर म्हणतो, मग या मुलीला अपंग का म्हणायचे? वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीची तपासणी करावी, बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना आधी सांगावे. लपवू नये, घाबरूही नये.

खरा मोठा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख. पण मोजणी झाली तेव्हा कोणात जेमतेम दोन लाख, तर कोणात वीस लाखांच्याही वर निघाल्या. ही पुंजी आईच्या पोटातच ठरते. साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवी चाळणी तयार होत नाही. कमी वजनाच्या बाळाला त्या कमी मिळतात. अशा माणसाला पुढे रक्तदाबाचा धोका जास्त, असा विचार बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडला. आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांचा आहार आणि बाळांचे वजन यांचा अभ्यास सुरू झाला. तो मुख्यतः मधुमेहासाठी, पण दिशा तीच. आमच्या घरांत सून अजूनही सर्वांच्या नंतर, उरलेले जेवते. पोटात बाळ असताना तरी तिचे ताट आधी वाढा.

आपल्याजवळ दोन लाख आहेत की वीस, हे जिवंतपणी नेहमीच्या तपासणीत कळत नाही. म्हणूनच अंगदुखीवर शेजारणीने दिलेली गोळी रोज घेणे धोक्याचे. तिला ती पचत असेल, तुमची पुंजी कदाचित आधीच थोडी असेल. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तर ब्रुफेन, डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये.

हे सगळे ज्ञान आले ते देहदान करणाऱ्यांमुळे आणि बेवारस मृतदेहांमुळे. आपल्या राज्यात १९४९ च्या अॅनाटॉमी कायद्यान्वये असे देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात. उपनगरात जुहूच्या कूपर रुग्णालयाशी जोडलेले पालिकेचे महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, तिथेही विद्यार्थी असेच शिकतात. पुस्तकातल्या चित्रात मूत्रपिंडाला एक धमनी असते. प्रत्यक्षात चारांतल्या साधारण एकाला जास्तीची निघते, आणि ते हातांनी सोडवून पाहिल्याशिवाय लक्षात राहत नाही.

जाता जाता एक काम. सोनोग्राफीचे, सीटी स्कॅनचे रिपोर्ट आणि फिल्म रद्दीत टाकू नका. रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, नावानिशी, तारखेनिशी. विहारात आमच्याकडे आणलेत तर कुठला शब्द कशासाठी आहे ते समजावून सांगू. जयभीम.