मॅग्नेशियम, आम्ल आणि अग्नी



आग लागली की पाणी मारावे, हे आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु एक धातू असा आहे की, त्याच्या आगीवर पाणी मारणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय. तो धातू मॅग्नेशियम. हे असे का होते, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

प्रथम आम्लाकडे वळू. मॅग्नेशियमची चकचकीत फीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात सोडली की लगेच बुडबुडे उठू लागतात, परीक्षानळी हाताला गरम लागते आणि पाहता पाहता फीत दिसेनाशी होते. बुडबुडे हायड्रोजन वायूचे. 24 ग्रॅम धातू विरघळला की 2 ग्रॅम हायड्रोजन सुटतो. नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेतला तरी हेच घडते, फक्त सावकाश.

आता तीच फीत चिमट्यात धरून पेटवा. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. त्याकडे टक लावून पाहू नये. मागे पांढरी राख उरते. नवल असे की, ही राख मूळ धातूपेक्षा जड भरते! 3 भार धातू 2 भार प्राणवायू घेऊन 5 भार राख देतो. हीच राख आम्लात टाकली तर ती विरघळते, पण बुडबुडा एकही येत नाही.

याचे कारण काय? मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूपाशी दोन इलेक्ट्रॉन असे असतात की, ते देऊन टाकण्यास तो सदैव उत्सुक असतो. आम्लात ते हायड्रोजनला मिळतात, हवेत प्राणवायूला. म्हणजे विरघळणे आणि जळणे ही एकाच स्वभावाची दोन रूपे झाली. राखेतील मॅग्नेशियमने आपले दान आधीच देऊन टाकलेले असते. मग हायड्रोजनला द्यायला त्याच्यापाशी काय उरणार?

आपण विचाराल, मग मॅग्नेशियमच्या वस्तू आपोआप का पेटत नाहीत? हवेत त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तो आतल्या धातूला राखतो. जाड ठोकळा पेटवणे कठीण. परंतु कीस आणि भुकटी यांना ठिणगी पुरते.

आता पाण्याचा विचार करू. पाण्यातही हायड्रोजन आहेच. थंड पाणी तो सहजासहजी सोडत नाही. परंतु जळत्या मॅग्नेशियमपुढे त्याचे काही चालत नाही. धातू त्यातला प्राणवायू हिसकावून घेतो आणि हायड्रोजन मोकळा होऊन स्वतःच पेटतो. आम्लाच्या नळीत झालेला खेळ इथे भडाग्नीत होतो. कार्बन डायऑक्साइडचीही तीच गत. त्यातला प्राणवायू खेचला जातो आणि काळा कोळसा मागे राहतो.

11 जून 1955 रोजी फ्रान्समध्ये ल मां येथील शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली; बहुतेक उडालेल्या सुट्या भागांच्या माऱ्याने. मोटारीचे बाह्यांग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. मदतीस धावलेल्यांनी आगीवर पाणी मारले, तशी ती अधिकच भडकली आणि कित्येक तास धुमसत राहिली. त्या माणसांच्या धैर्यात उणीव नव्हती. उणीव होती ती या एका माहितीची.

आज कॅमेरे, संगणक आणि यंत्रे यांच्या सांगाड्यांत हे मिश्रधातू असतात. ज्यांच्या कारखान्यात त्यांचे कातकाम होते, त्यांनी कीस साठू देऊ नये, आणि मीठ अथवा ग्रॅफाइट यांपासून बनवलेली, धातूंच्या आगीसाठीची खास कोरडी भुकटी हाताशी ठेवावी. आग पेटल्यावर विचार करण्यास सवड नसते. तो आधीच करून ठेवावा लागतो.